पाहुण्यांना टाकलेले वाईट चेंडू

माझी बॉलिंग वाईट होती, असं नागपुरात अजून दोन-चार म्हातारे सांगतात. त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे मला भांडताही येत नाही. एका कसोटी सामन्याच्या आधी पाहुण्या संघाला सरावासाठी मी दोन दिवस चेंडू टाकले आणि ते खरोखरच टाकाऊ होते. मुद्दाम टाकाऊ होते, हे मैदानावर फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक मी. दुसऱ्यानं पुढे कानांवर हात ठेवले.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो, इंदोऱ्यात राहायचो आणि कापडगिरणीत बदली कामगार होतो. बदली म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कोणी कायमचा माणूस आला नाही तर आत जायचं, सगळे आले तर सायकल वळवून घरी यायचं. माझे वडील त्याच गिरणीत तीस वर्षं विणकर होते, तरी मी बदलीच. लग्न झालं होतं, मुलगी रांगायला लागली होती. यातून सुटायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, माझा डावा हात. मी डावखुरी फिरकी टाकायचो. रेल्वेत, बँकेत खेळाडूंना कायमची नोकरी मिळायची, पण अट अशी की प्रांताच्या संघातून निदान एक सामना खेळलेला पाहिजे. मला तो एक सामना हवा होता. तीन हंगाम मी क्लबकडून धडाधड बळी घेतले. दोनदा संभाव्य खेळाडूंत नाव आलं आणि दोन्ही वेळा तिथंच राहिलं. मोहल्ला आणि आडनाव सांगून झालं की काही लोकांचं बोलणं जरा लवकर आटोपायचं. पण बळी घेतले की तेच लोक पाठ थोपटायचे, म्हणून मी बळी घेत राहिलो.

तेव्हा रिवाज असा होता की, पाहुणा संघ आला की त्याच्या सरावाला बॉलर यजमानांनी पुरवायचे. पाहुणे लांबून आलेले, त्यांचे स्वतःचे बॉलर सामन्याआधी दमायला नकोत. गावातल्या क्लबांतून सहा-सात जण निवडून पाठवायचे. आम्हाला त्याचं केवढं अप्रूप! जगभर खेळलेल्या फलंदाजाला आपण चेंडू टाकणार, या कल्पनेनंच मला दोन दिवस नीट जेवण गेलं नव्हतं.

सामन्याचा बंदोबस्त पाहणारे एक गृहस्थ होते. पेशानं वकील. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. सरावाच्या पहिल्या सकाळी त्यांनी मला तंबूमागे बोलावलं.

"हे पाहा," ते म्हणाले, "विकेटले पाणी बंद केलं आहे. दुसऱ्या दिवसापासून बॉल हातभर फिरन. आपल्याजवळ फिरकीवाले आहेत, अन् या लोकाईले फिरकी खेळता येत नाई. त्यायले तिची प्रॅक्टिस मिळाली नाई पाहिजे. समजून राहिलं ना?"

"होजी. पण मंग मले काहून बोलावलं साहेब? जोराचे बॉलरच पाठवा ना सारे."

"अबे, त्यायनं फिरकीवाला मागतला. पाहुण्यायले नाई कसं म्हणू? तू जाय, पण फिरवू नको. आखूड टाक, फुलटॉस टाक, सरळ टाक. घरच्या मैदानाचा फायदा आपणच नाई घेतला तर कोण घेईन?"

मी घुटमळलो. त्यांनी ते ओळखलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. निवड समितीला ते स्वतः सांगून ठेवणार होते, की या पोराच्या इथल्या बॉलिंगवर जाऊ नका. माझं नाव यादीत पक्कं समजायचं. देशासाठी एवढं करायला काय हरकत आहे, असंही ते म्हणाले. मला खरंच छाती फुगल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

संध्याकाळी जेवताना वडिलांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"जॉबर मुकादमानं सांगतलं म्हणून कापडात फट ठेवली, तरी दंड विणणाऱ्यालेच होते," ते म्हणाले. "त्यायनं लिहून देल्लं का तुले?"

"असं कोणी लिहून देते का गा बाबा? मोठा माणूस आहे तो."

"म्हणूनच इचारलं," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

वाईट चेंडू टाकणं वाटतं तेवढं सोपं नाही. दहा-बारा वर्षं बोटांना एकच सवय लावलेली असते. चेंडू हातातून सुटताना पहिलं बोट आपोआप शिवणीवरून ओढलं जातं, ते थांबवायचं म्हणजे दर वेळी हात मध्येच आखडून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी ते नीट जमवलं. आखूड चेंडू पाहुण्यांनी मैदानाकडेच्या कडुनिंबावर भिरकावले, फुलटॉस माझ्याच डोक्यावरून गेले. सराव पाहायला दोरीपलीकडे पाच-पन्नास लोक जमले होते. त्यातल्या एकानं ओरडून मला गिरणीत जायला सांगितलं आणि बाकीचे खिदळले. तो माझ्या ओळखीचा नव्हता, सहज बोलला होता. पण माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवड समितीचे अध्यक्ष आले. एके काळचे नावाजलेले फलंदाज, कडक माणूस. गप्पा नाहीत, चहा नाही. नेटच्या मागे वेताची खुर्ची मांडायला लावली आणि हाताची घडी घालून बसले. मी धाव सुरू करायच्या जागी उभा होतो. तीन हंगाम ज्याची वाट पाहिली तो माणूस तीस पावलांवर बसला होता. एकदाच, फक्त एकदाच खरा चेंडू टाकावा. फलंदाज पुढे येईल, चेंडू बाहेर वळेल, मागच्या जाळीवर आदळेल आणि खुर्चीतला माणूस तो समोरून पाहील.

मी साहेबांकडे पाहिलं. ते तंबूच्या दाराशी उभे होते. त्यांनी तळहात दाखवून मान हलवली, शांत राहा, मी सांगितलं आहे, अशा अर्थानं. मी धावलो आणि आखूड चेंडू टाकला. मग तसेच आणखी चाळीस-पन्नास टाकले. अध्यक्ष अर्धा तास बसले. उठताना त्यांनी खिशातल्या वहीत काही लिहिलं आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले.

सराव संपल्यावर पाहुण्यांचा एक वयस्कर फलंदाज माझ्याजवळ आला. हात मिळवायला आला असं वाटून मी उजवा पुढे केला. त्यानं तो सोडून माझा डावा हात धरला, उलटा केला आणि पहिल्या बोटाच्या कडेवर अंगठा फिरवला. फिरकीवाल्यांना तिथं घट्टा पडतो, शिवण घासून घासून. माझा तर सुपारीएवढा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला आणि आपल्या लोकांकडे गेला. खरा फिरकीवाला सरावाला पाठवायचा आणि त्याला फिरवू द्यायचं नाही, याचा अर्थ खेळपट्टी कशी केली आहे हे सांगायला त्याला कोणी नको होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यातल्या एकालाही चेंडू दिला नाही. त्यांचा स्वतःचा डावखुरा फिरकी बॉलर सकाळपासून दुपारपर्यंत टाकत होता आणि त्यांचे फलंदाज ओळीनं त्याला खेळत होते. आम्ही चेंडू आणून देत होतो.

मी हे साहेबांना सांगायला गेलो. ते पासांच्या वाटपात होते. "तू काहून फिकर करून राहिला बे?" म्हणाले आणि उघड्या स्टँडचा एका दिवसाचा पास माझ्या हातात कोंबला.

सामना आपण हरलो. घरच्या उन्हात, घरच्या खेळपट्टीवर, पाणी तोडून आपणच वाळवलेल्या मातीत, त्यांच्या त्याच डावखुऱ्या फिरकीवाल्यानं आपल्या फलंदाजांना नाचवलं. शेवटचा दिवस मी फाटकावर काम न मिळाल्यानं एका पानठेल्याशी उभा राहून रेडिओवर ऐकला. गडी टपाटप बाद होत होते. पानवाला प्रत्येक विकेटला शिव्या घालत होता. मला काय वाटलं ते खरं सांगतो, मला बरं वाटलं. मोठ्या लोकांची हुशारी त्यांच्याच गळ्यात पडली म्हणून मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. देशासाठी छाती फुगवून घेतलेला माणूस मीच, आणि दहा-बारा दिवसांत टाळ्या पिटणाराही मीच.

पंधरा दिवसांनी प्रांताच्या संघाची यादी क्लबाच्या फळ्यावर लागली. चौदा नावं होती आणि राखीव तीन. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. डावखुरा फिरकीवाला म्हणून ज्याचं नाव होतं त्याला त्या हंगामात माझ्या निम्मेही बळी नव्हते. मी तसाच सायकल हाणत साहेबांच्या कचेरीत गेलो. ते अशिलाचे कागद चाळत होते.

"साहेब, तुमी समितीले सांगतो म्हटलं होतं."

"बोललो असन, बोललो असन. कामाच्या धांदलीत राहून गेलं."

"पण मी तुमच्याच सांगण्यावरून तसं टाकलं ना!"

त्यांनी चष्मा काढला. चेहऱ्यावर राग नव्हता, त्रासिक कंटाळा होता. "अबे, फिरवू नको म्हटलं होतं म्या. एवढं वाईट टाक असं थोडीच म्हटलं होतं?"

मी जिना उतरलो. वडिलांना सांगायची हिंमत नव्हती आणि बायको रोज संध्याकाळी यादीचं विचारत होती. शेवटी रविवारी सकाळी क्लबातला एक जुना चेंडू खिशात घालून मी धरमपेठेत अध्यक्षांच्या घरी गेलो.

ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. आपण कोण ते सांगावं लागलं नाही. "तो आखूड टाकणारा," ते म्हणाले. मी सगळं सांगितलं, साहेबांचं सांगणं, खांद्यावरचा हात, तंबूच्या दारातली खूण. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "टाकून दाखव."

अंगण कच्चं होतं, शेणानं सारवलेलं. भिंतीशी एक विटकर उभी केली. ते स्वतः फलंदाजाच्या जागी जाऊन उभे राहिले, हातात नुसती काठी. मी चार पावलं धावलो आणि टाकला. चेंडू त्यांच्या काठीच्या रोखानं गेला, टप्पा पडला, काठीला चकवून बाहेर वळला आणि विटकरीला चाटून गेला. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा टाकला. पुन्हा काठी चुकली. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा उजळला, एखाद्या पोरासारखा. म्हाताऱ्याला तो चेंडू आवडला होता. मला रडू यायचंच बाकी होतं. वाटलं, झालं काम, आता यादी बदलेल, निदान राखीव म्हणून तरी नाव लागेल, निदान एक सामना.

मग हळूहळू तो उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून गेला. ते माझ्याजवळ आले.

"हे येत होतं तुला. आणि मी समोर बसलो असताना तू ते टाकलं नाहीस."

"साहेबांनी—"

"साहेबांचं मला कळलं. त्यांना मी विचारीन. तुझं विचारतो आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "यादी एका दिवसात बदलता येते मला. पण उद्या तू माझ्या संघात आहेस, समोरच्यांना दहा धावा हव्या आहेत, त्यांची शेवटची जोडी खेळते आहे आणि कुंपणापलीकडून कोणी मोठ्या माणसानं तुला हात दाखवला. तेव्हा तू कोणासाठी टाकशील?"

मी तोंड उघडलं. माझ्यासाठी, असं म्हणायचं होतं. आपल्या संघासाठी, असंही म्हणता आलं असतं. ते वाट पाहत उभे होते, खरोखर वाट पाहत होते, माझ्याकडून एखादं बरं उत्तर यावं असं त्यांनाही वाटत असावं. पण खरं उत्तर 'साहेब म्हणतील तसं' हेच होतं. मी विटकरीजवळचा चेंडू उचलून खिशात घातला आणि यादी आहे तशीच ठेवून सायकल काढली.