गोठणीतला तंबू आणि आमची खारी

मागच्या पोस्टखाली एका मुलीने विचारलं होतं, "काकू, आम्ही आमच्या कुत्र्याला घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहायला जातोय. गोचीड आणि पिसवांचं काय करायचं?" तिला दोन ओळींत उत्तर देणार होते. पण लिहायला बसले आणि बोटांना करंजाच्या तेलाचा वास येतोय असं वाटायला लागलं. तेव्हा आता सविस्तरच ऐका.

एकाहत्तर सालची दिवाळी. आम्ही नगरला राहत होतो. मी अकरा वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, दोन घट्ट वेण्या घालणारी. बाबा हायस्कूलमध्ये मास्तर होते आणि शाळेचं स्काऊटपथक सांभाळायचे. त्यामुळे सुट्टीत शाळेचा जाडजूड कॅनव्हासचा तंबू आमच्या माळ्यावर येऊन पडायचा. त्या वर्षी लाडू वळता वळता बाबांनी जाहीर केलं, "भाऊबीज झाली की चार दिवस भंडारदरा. तळ्याकाठी तंबू ठोकायचा."

आईने हातातला लाडू ताटात ठेवला. "आणि खारी?"

खारी म्हणजे आमची कुत्री. बेकरीच्या मागे सापडलेली, रंगाने खरपूस खारी बिस्किटासारखी, लांब लोंबत्या कानांची. मी तिला जीव की प्राण मानत होते. आईचं तसं नव्हतं. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात खारीच्या अंगावरचे गोचीड उतरून भिंती चढायला लागले होते. एक तर देवघरापर्यंत पोचला. आईने सकाळी देवाची कापसाची वस्त्रं उचलली, तर त्यात हा बसलेला. तेव्हापासून आई खारीला भाकरी घालायची, पण हात लावायची नाही.

"न्या तिला," आई म्हणाली. "पण परत आल्यावर घरात एक जरी गोचीड दिसला, तर ती पाथर्डीला माझ्या भावाकडे जाईल, मळ्यावर राखणीला. मग रडायचं नाही."

मामा फार प्रेमळ होता. पण त्याच्या मळ्यावरची कुत्री दिवसभर साखळीला असत, आणि आमचं पाथर्डीला जाणं वर्षातून एकदा. मी "हो" म्हटलं आणि आत जाऊन खारीचे कान उलटेपालटे करून पाहिले.

बाबांचे एक मित्र गुरांचे डॉक्टर होते. देशमुख काका. आम्हाला जीपही त्यांनीच दिली आणि सल्लाही. मी तो शाळेच्या वहीत लिहून घेतला. निघायच्या आदल्या दिवशी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ. पायांना आणि पोटाखाली करंजाचं तेल, अगदी पातळ हात. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली आणि पट्ट्याखाली तपासणी. ढेकणांवर मारायची पांढरी पावडर मात्र चुकूनही लावायची नाही. "कुत्रं अंग चाटतं, बेटा," काका म्हणाले. "भिंतीचं औषध भिंतीला."

पहाटे निघालो. हुडाच्या जीपमध्ये मागे मी, खारी, तंबू, स्टोव्ह आणि फराळाचे दोन डबे. करंजाच्या उग्र वासाने आईने नाकाला पदर लावला तो राहुरी मागे पडेपर्यंत काढला नाही. कोल्हारच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. जीप हळू झाली तशी आईने एका गाडीवरच्या बाईला विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?"

"पाथर्डीच्या, बाई!"

"अगं बाई, माझं माहेर!" आई आनंदाने म्हणाली. मी खारीला घट्ट धरून बसले.

कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ थांबलो. एक रुपयात पाटीभर पेरू मिळाले, आतून गुलाबी. पुढे संगमनेरला मिसळ आणि चहा, मग अकोले, राजूर. तेव्हा राजूरच्या पुढचा रस्ता निव्वळ खडीचा होता. प्रत्येक खड्ड्याला खारीचे कान वर उडायचे आणि बाबा ओरडायचे, "सांभाळा, विमान सुटलं!" नगरहून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आम्हाला सारा दिवस लागला. आता तुम्ही निम्म्या वेळात पोचाल. तरी राजूरला थांबून गरम भजी खाच.

शेंडी गाव मागे टाकलं आणि तळं दिसलं. एवढं पाणी मी एका जागी कधी पाहिलंच नव्हतं. पावसाने धुतलेले हिरवे डोंगर त्यात उलटे उभे होते. आम्ही तिघंही बघतच राहिलो. खारीने मात्र उडी मारली आणि थेट पाण्यात.

तंबूची जागा आईने निवडली. बाबांच्या मनात काठावरचा उघडा कातळ होता, पण आईला एक मोठी जांभूळ सापडली. गार सावली, खाली सपाट मऊ जमीन, आणि गवत तर जणू कुणी आपल्यासाठीच कापून ठेवलेलं. इकडेतिकडे शेणाचे वाळलेले पो पडले होते. "बघा, जळणाचीसुद्धा सोय!" आई म्हणाली आणि तिने ते स्वतः गोळा केले. सहा मेखा ठोकल्या, तंबू उभा राहिला. आम्ही कंदिलाच्या उजेडात शंकरपाळे खाल्ले. मी खारीला नखशिखान्त तपासलं. एकही गोचीड नव्हता. वहीत तशी नोंद केली.

सकाळी मला जाग आली ती खारीच्या कान झाडण्याच्या फटफट आवाजाने. मी तिचा डावा कान उलटला. आत तीन गोचीड. उजव्या कानात दोन. पुढच्या पंजाच्या बेचक्यांत मोहरीएवढे बारीक बारीक कितीतरी. शिवाय पोटाच्या केसांतून एक पिसू टुणकन उडाली. मी कान पटकन खाली सोडला, पण आई माझ्या मागेच उभी होती.

"पाहिलंस?" ती म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती शांतपणे म्हणाली. "मी भावाला पत्र टाकते."

त्या सकाळी मी तळ्याकडे पाहिलंही नाही. डोळे पुसत गोचीड काढत बसले. दुपारी ऊन तापलं तशा घंटा वाजायला लागल्या आणि जांभळीच्या दिशेने दहा-बारा गाईबैल येऊन तंबूभोवती उभे राहिले. हलेनात. एका तांबड्या गाईने तंबूच्या दारातून मान आत घातली आणि आईकडे पाहिलं. मागून एक म्हातारी आली, काटक, नऊवारीचा काचा मारलेली, हातात काठी.

"आवं, कोन हाय का आत? आमच्या गुरांच्या जागंवर घर बांधलं व्हय?"

बाबा बाहेर आले. "मावशी, जागा रिकामी दिसली म्हणून..."

"सकाळच्याला रिकामीच आसती. दुपारी गुरं बसत्यात. गोठन हाय ही." तिने खारीकडे पाहिलं. "ही लई खाजवती की!"

"गोचीड लागलेत," आई म्हणाली. "आता घरी गेलो की हिची रवानगी पाथर्डीला. माझ्या भावाकडे."

"त्याला लई चांगलं काढाया येत्यात का गोचीड?"

बाबांना एकाएकी तळ्याकडे बघावंसं वाटलं. त्यांचे खांदे हलत होते.

म्हातारी खाली बसली, तंबूच्या कडेचं गवत तिने बोटाने बाजूला केलं आणि आईला जवळ बोलावलं. जमिनीवर, पात्यांवर, आमच्या सतरंजीच्या काठावर बारीक बारीक जीव चालत होते. "बगा ताई. कुत्रीनं न्हाई आनले. तुमीच गोचिडांच्या घरी पावनं आलात. गुरं बसत्यात तितं ह्ये आसनारच. माज्या गाईवर तर रोज सापडत्यात. म्हून काय गाय भावाकडं धाडू?"

आदल्या दिवशी कौतुकाने रचलेल्या शेणाच्या ढिगाकडे आईने एकदा पाहिलं, आणि पदर सावरून मेखा उपटायला लागली.

म्हातारीचं नाव हौसाबाई. तिने तंबू कातळावर हलवायला लावला, सतरंज्या उन्हात पसरायला लावल्या आणि आम्हाला खारीसकट आपल्या घरी नेलं. अंगणात खारीला आडवं करून मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. हौसाबाई दोन बोटांनी गोचीड कातडीजवळ धरायची, सरळ ओढायची आणि भुईवर टाकायची. लगेच कोंबड्या धावत आल्या. एकेक गोचीड पडायचा, एकेक चोच खाली यायची. भांडणं सुरू झाली. शेवटी एका ठिपक्यांच्या कोंबडीला धीर निघेना. ती खारीच्या पोटाशी आली, मान वाकडी करून नीट निरखलं आणि टच्! थेट अंगावरूनच उचलला.

आता हे लक्षात घ्या की नगरच्या गल्लीत खारी कोंबड्यांची कर्दनकाळ होती. मी तिचं तोंड धरून ठेवलं. पण तिने नुसते डोळे मोठे केले. कोंबडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सुस्कारा टाकून दुसरी कूस पुढे केली. हौसाबाई हसत हसत भिंतीला टेकली. बाबा हसले. मी हसले. आणि मग आई, जी दाराशी पदर गोळा करून उभी होती, तीही इतकी हसली की तिचा अंबाडा सुटला.

त्या अंगणात आम्ही नागलीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. निघताना आईने हौसाबाईला चिवड्याचा अख्खा डबा दिला. पुढचे दोन दिवस नुसती चैन होती. रंधा धबधबा पाहिला. खारी तळ्यात पोहली, कातळावर वाळली, पुन्हा पोहली. कातळावर वारा होता, ऊन होतं, गोचीड नव्हता. तरी मी सकाळ-संध्याकाळ तपासत होते, कारण आईने नियम मागे घेतलेला नव्हता. आणि तिला विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

पाचव्या दिवशी पहाटे निघून दुपार कलल्यावर घरी पोचलो. आईने घरात पाऊल टाकायच्या आधी पडवीत पांढरी चादर अंथरली. "बसव तिला यावर. तासभर." भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी आणि खारी चादरीवर बसलो. तास झाला. आईने खारीला उठवलं आणि वाकून चादर बारकाईने पाहिली. चार-दोन केस, थोडी वाळू. बस्स.

"बरं," आई म्हणाली. मी खारीच्या गळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला स्वयंपाकघरात गेले. खुंटीला आईची शाल टांगली होती, प्रवासातली. तिच्या झालरीवर एक गोचीड शांतपणे वर चढत होता.

घरात कुणी जागं नव्हतं. बोटाने उचलून चुलीत टाकायचा, संपलं. मी हात पुढेही केला. पण चार दिवसांनी देवघरात दुसरा सापडला असता तर? तेव्हा सगळं खारीवरच आलं असतं. आणि खरं सांगायचं, तर आमच्या मॉरल सायन्सच्या सिस्टर डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. मी आईला उठवलं. शालीकडे बोट दाखवलं.

आई शालीसमोर उभी राहिली. मागून बाबा आले. त्यांनी चष्मा लावला, गोचीड पाहिला, शाल कुणाची आहे तेही पाहिलं.

"नियम म्हणजे नियम," ते गंभीरपणे म्हणाले. "पाथर्डीची पहिली एसटी किती वाजता सुटते? मेव्हण्यांना पत्र टाकायला हवं, राखणीला येतेय म्हणून."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता काही खरं नाही. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. ती पडवीत गेली, तीच पांढरी चादर पुन्हा अंथरली, उन्हात पाठ करून बसली आणि अंबाडा सोडला.

"ये गं. नीट बघ. कानामागेही."

मी तिच्या लांब केसांतून बोटं फिरवायला लागले. तेवढ्यात खारी आली. तिने आईचे केस हुंगले, चादरीवर तिच्या शेजारी बसली आणि सवयीने आपली कूस पुढे केली. आईने क्षणभर विचार केला. मग डावा हात तिच्या पोटावर ठेवला आणि केस उलटे करत शोधायला लागली.

त्या दिवशी दोघींच्याही अंगावर काही सापडलं नाही. पण पुढची अकरा वर्षं, खारी होती तोवर, तिची संध्याकाळची तपासणी आईच करायची. मला करू द्यायची नाही. म्हणायची, "तू घाईघाईत बघतेस."

तर मुली, हे तुझं उत्तर. हल्ली मानेवर टाकायचे थेंब मिळतात, गोळ्या मिळतात. निघण्याच्या आधीच डॉक्टरांकडे जा, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घे. गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढ, चिरडू नकोस, आणि हाताला मोजे घाल. आम्ही घालत नव्हतो, तू घाल. परतल्यावर अंथरुणं गरम पाण्यात धू. कुत्र्याला तपासशील तेव्हा स्वतःलाही तपास, आणि शाली झटकायला विसरू नकोस.

आणि जागा निवडताना आई त्यानंतर प्रत्येक सहलीला जे करायची ते कर. सुंदर सावली दिसली की ती लगेच जीपमधून उतरायची नाही. खारीला मांडीवर धरून, रस्त्याने जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारायची, "अहो दादा, इथं दुपारी कोण बसतं?"