चार कप्प्यांचा डबा आणि एक गाय

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन तर माझ्या आत्याचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण ती पदवी तिच्या कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी मिळवली आहे. कृष्णराजनगरच्या शाळेतून मी म्हैसूरला कॉलेजात आलो आणि तिच्याच घरी राहिलो. ती साड्या रंगवून द्यायची. अंगणातल्या दोरीवर कायम परक्या बायकांच्या साड्या वाळत असत आणि त्यांतली एकही तिने कधी अंगाला लावून पाहिली नाही. लोकांचा रंग आपल्याला लागला तर लागू दे, लोकांचं कापड लागता कामा नये, असं ती इतक्यांदा सांगे की परीक्षेत तो प्रश्न आला असता तर मला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

प्रात्यक्षिकात मात्र मी नापास झालो.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी मी गावाहून म्हैसूरला परतत होतो. म्हैसूरहून आलेली बस तिथूनच माघारी फिरली आणि मी चढलो, तर सीटखाली स्टीलचा चार कप्प्यांचा डबा. कोणीतरी विसरून उतरलं होतं. सकाळपासून माझ्या पोटात फक्त कॉफी होती, तरी मी ठरवलं की उतरताना डबा कंडक्टरच्या हवाली करायचा. पण म्हैसूरला उतरताना त्यानेच तो माझ्या हातात दिला आणि शिकलेली मुलं आईनं दिलेलं जेवण विसरून उतरतात म्हणून झापलं. मी तोंड उघडेपर्यंत बस डेपोकडे वळली होती.

स्टँडवरच्या बाकावर बसून मी मालकाचं नाव शोधायला लागलो. भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत आहेच. नाव आतल्या बाजूला, तळाशी असणार, असा मी अंदाज केला. तळ पाहायचा तर कप्पा रिकामा करणं भाग होतं. पहिल्यात होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या होत्या. खाली नाव नव्हतं. दुसऱ्यात चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात. तिथेही नव्हतं. तिसऱ्यात हुळी, भाज्या घातलेली आंबट आमटी. तिचा तळ गाठायला वेळ लागला. चौथ्यात दहीभात. शेवटी डबा बंद करताना दिसलं की नाव झाकणावरच कोरलेलं आहे आणि त्याखाली गाव, सोसले. मग मी नळावर बराच वेळ पाणी पीत उभा राहिलो. ऊन फार होतं.

आत्याला मी सांगितलं की जेवण आंबलं होतं, म्हणून गाईला घातलं. तिने विचारलं, चारही कप्पे? मी म्हटलं, गाय भुकेली होती. आत्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि डबा घासायला घेतला.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. पण आपल्या हातचं शिजवलेलं त्या लोकांना चालेल की नाही, कोण जाणे. म्हणून आत्याने एकात तांदूळ, एकात तूरडाळ, एकात गूळ आणि एकात खोबरं भरलं. पुढच्या रविवारी आम्ही सोसल्याच्या बसमध्ये बसलो.

गावातल्या मठामागच्या गल्लीत घर सापडलं. म्हातारं जोडपं होतं. डबा पाहून अज्जींना आनंद झाला, पण आजोबांकडे मात्र त्यांनी पाहिलंही नाही. त्याचं कारण दोघांनी एकाच खोलीत बसून आत्याला वेगवेगळं सांगितलं. अज्जींनी कृष्णराजनगरच्या लेकीसाठी स्वयंपाक करून दिला होता. निघताना आजोबांनी हुळी चाखली आणि मीठ जास्त झालंय म्हणाले. मग डबा बसमध्ये राहिला. आजोबांच्या मते विसरला. अज्जींच्या मते त्यांच्या हातच्या जेवणाची आजोबांना लाज वाटली म्हणून मुद्दाम टाकून आले. आठ दिवस अबोला होता.

डबा उघडलात तेव्हा जेवण कसं होतं, असं अज्जींनी विचारलं. आत्याने स्वतःला जे माहीत होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं: आंबलं होतं, गाईला घातलं.

अज्जींचा चेहरा उतरला. "सकाळी केलेलं दुपारी आंबलं? मग यांचंच खरं. माझा हात गेला," असं म्हणून त्या डोळ्यांना पदर लावत आत गेल्या. आजोबांनाही वाद असा जिंकायचा नव्हता. ते जमिनीकडे बघत बसले.

त्या जेवणाचा साक्षीदार एकच होता आणि त्याला मी गाय करून ठेवलं होतं.

मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. "अज्जी, जेवण आंबलं नव्हतं. गाय नव्हती. सगळं मी खाल्लं. हुळीत मीठ अगदी बरोबर होतं."

मग अज्जी बाहेर आल्या. "चारही कप्पे?"

मी मान हलवली. त्या नवऱ्याकडे वळल्या आणि आठ दिवसांतला पहिला शब्द बोलल्या, "ऐकलंत?"

मग त्यांनी मला पान वाढलं. आजोबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

परतीच्या बसमध्ये अर्धा रस्ता सरला. मग आत्या म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष मी कॉलेजची फी गाईची भरतेय." म्हैसूर जवळ आल्यावर मात्र तिचा आवाज निवळला. "असू दे, खरं बोललास ना. मला तेवढं पुरे."

त्यानंतर तिने ही गोष्ट गल्लीभर सांगितली. आमचा मुलगा स्वतःची फजिती होत असली तरी खरंच बोलतो, असं ती साडी द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवी आणि मी पुस्तकात तोंड खुपसून बसे. मला पदवी मिळाली, परगावी शाळेत नोकरी लागली. रुजू झालो त्या आठवड्यात मी तिला पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरीवर रुजू झालो. खोली बरी आहे. काल मुलांना खरेपणावर धडा शिकवला आणि सारखं सोसले आठवत राहिलं. लोकांची वस्तू पुरी परत करावी, हे तूच मला शिकवलंस. डबा आपण परत केला. जेवण मी खाल्लं, तेही कबूल केलं. पण एक गोष्ट अजून माझ्याकडेच राहिली आहे, ती आज तुझ्याकडे पाठवतो.

हुळी खारट होती. फार खारट होती. आजोबांचं बरोबर होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

हे सोसल्याला कळवायचं की नाही, ते तू ठरव. मला विचारशील तर कळवू नये. होळिगे मात्र खरोखरच उत्तम होत्या, एवढं कळवायला हरकत नाही.

तुझा आज्ञाधारक भाचा."