डावा पाय अजून पेट्रोलवर

प्रा. रशीद अत्तार सरांची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाली आणि त्या भेटीत त्यांनी माझ्या विषयाचा अपमान केला. मी विद्युत शाखेची विद्यार्थिनी. मेकॅनिकलची मुलं सरांच्या हाताखाली शर्यतीची छोटी गाडी बांधत होती आणि मला त्या चमूत शिरायचं होतं. सर इंजिनावर वाकलेले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं काहीतरी ऐकत होते. माझं म्हणणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "अहो जगताप, गाडीत आपल्या विषयाची एकच मोठी मोटर असते. ती इंजिन सुरू करते आणि गप्प बसते. हा गुण मला फार आवडतो. उद्यापासून या."

मी रागाने गेले आणि दुसऱ्या दिवशी हजर झाले. तो राग पुढे बरीच वर्षं उपयोगी पडला.

सरांची ओळख त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना करून द्यायला नको, तरी रीत म्हणून लिहिते. घरचा धंदा अत्तराचा. वडील नाकाने माल ओळखत, सर कानाने इंजिन ओळखू लागले. कॉलेजात त्यांनी इंजिन हा विषय निवृत्त होईपर्यंत शिकवला. पुण्यात शर्यतीच्या गाड्यांशी ज्याचा ज्याचा संबंध आला त्याने कधी ना कधी सरांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, त्याही आदरार्थी बहुवचनातल्या. "आपण कृपया त्या कार्ब्युरेटरपासून लांब उभे राहा, त्याने आपलं काही वाईट केलेलं नाही," हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे.

संपादक मंडळाने मला 'सरांचे इंजिनक्षेत्रातील योगदान' असा विषय दिला होता. विजेच्या गाडीचं काम अपूर्ण असल्याने त्यावर लिहू नये, असंही सुचवलं होतं. मंडळाची क्षमा मागून मी त्या अपूर्ण कामावरच लिहिणार आहे, कारण ते अपूर्णच राहावं अशी तयारी सध्या चालू आहे. सत्काराच्या शालीच्या घडीत ती तयारी झाकली जाईल अशी मला भीती वाटते.

निवृत्तीनंतर एक दिवस सरांचा फोन आला. "अहो जगताप, आपली मोटर आता गप्प बसायला तयार नाही असं ऐकतो." मी तेव्हा विजेच्या गाड्या करणाऱ्या एका कंपनीत मोटर आणि बॅटरीचं काम बघत होते. कंपनीला एक वेगवान, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी करायची होती. मी सरांचं नाव सुचवलं आणि सर प्रकल्पाचे प्रमुख झाले. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्याच्या आत एका जुन्या लाकडाच्या वखारीची शेड भाड्याने घेतली आणि काम सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी कंपनीची एक तयार विजेची गाडी रस्त्यावर काढली. मी शेजारी बसले होते. मोकळा पट्टा आला, सरांनी वेग घेतला, आणि आयुष्यभराच्या सवयीने गिअर बदलायला डावा पाय क्लचवर दाबला. विजेच्या गाडीत क्लच नसतो. डाव्या पायाला सापडला तो रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली, माझा चष्मा काचेवर गेला आणि मागचा रिक्षावाला आमच्या बाजूला येऊन म्हणाला, "काका, झोप लागली का?" सर म्हणाले, "नाही हो, शिकतोय." मग माझ्याकडे वळून, "माफ करा, माझा डावा पाय अजून पेट्रोलवर आहे."

त्यानंतर कित्येक दिवस सर डाव्या पायातला बूट काढून, तो पाय सीटखाली ओढून गाडी चालवत होते. शेडमधल्या लोकांना वाटलं पाय दुखतो आहे. सर सांगत, "रजेवर आहे." सत्तरी ओलांडलेल्या, आपल्या विषयात अधिकारी मानल्या गेलेल्या माणसाने आपलाच एक पाय अडाणी ठरवावा आणि त्याला चारचौघांत शिकवावं, हे मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

मग आवाजाचं प्रकरण निघालं. गाडी चालते आणि आवाज नाही, हे गिऱ्हाइकाला रुचणार नाही, म्हणून स्पीकरमधून इंजिनाचा आवाज सोडायचा असं कंपनीतल्या विक्रीच्या लोकांनी ठरवलं. आवाज निवडायला सरांपेक्षा योग्य माणूस कोण? सरांनी सगळे नमुने शांतपणे ऐकले. विक्रीवाल्यांपैकी एक तरुण म्हणाला, "सर, फुल फील येतो ना?" सर म्हणाले, "येतो. लग्न दुसऱ्याचं आणि बँड आपल्या दारात, तसा येतो." नमुने परत गेले.

मला तेव्हा सरांचा हा नकार हट्ट वाटला होता आणि तसं मी बोलले. त्यांनी मला गाडीत बसवून एक लांब वळण घेतलं आणि फक्त "ऐका" म्हणाले. इंजिन नव्हतं म्हणून टायर ऐकू येत होते. डांबराला धरून असताना त्यांचा एक स्वर होता, सुटायला लागले की दुसरा. सर म्हणाले, "इतकी वर्षं इंजिनाच्या गोंगाटात हे मला ऐकूच आलं नाही. आता ऐकू येतंय तर त्यावर स्पीकर लावू?"

माझ्या मते या गाड्यांच्या भवितव्याचा प्रश्न त्या वळणावरच आहे. सरळ रस्त्यावरचा वेग आता स्वस्त झाला. विजेची चांगली मोटर लावली की भाजी आणायची गाडीसुद्धा सिग्नलला भल्याभल्यांना मागे टाकते. मग स्पोर्ट्स गाडी कशाला म्हणायचं? सरांचं उत्तर ठरलेलं आहे: जी हलकी आहे, वळते, आणि पहिल्या फेरीत पळते तशीच शेवटच्या फेरीतही पळते. बॅटरी तापली की गाडी स्वतःच ताकद आखडती घेते, आणि मोठी बॅटरी म्हणजे मोठं ओझं. म्हणून सरांना छोटी बॅटरी हवी, नीट थंड ठेवलेली. छोट्या बॅटरीची गाडी लांब जात नाही, हे त्यांना मान्य आहे. बैठकीत एका संचालकांनी विचारलं, "एका चार्जिंगमध्ये महाबळेश्वर जाऊन-येऊन होईल का?" सर म्हणाले, "त्यासाठी स्वारगेटहून एसटी आहे."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण संचालक हसत नव्हते.

सरांच्या मायेबद्दल एकच प्रसंग सांगते. माझे वडील शेतकरी. आमचं गाव शहराने गिळलं तरी त्यांची भाषा शहराला गिळता आली नाही. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा येरवड्याच्या बाजूच्या रुग्णालयात दुपारी बसायला कुणी नव्हतं, आणि आमच्या बॅटरीच्या चाचण्या नेमक्या त्याच दिवसांत होत्या. सर न विचारता येऊन बसू लागले. वडिलांनी शुद्धीवर आल्यावर विचारलं, "तुम्ही कोन म्हनायचं?" सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मी यांचा विद्यार्थी. मोटर यांच्याकडून शिकतो." वडील बराच वेळ सरांच्या पांढऱ्या दाढीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "पोरी, ह्यांस्नी वरडत न्हाईस ना?" मी खोटं बोलले. आम्ही त्या सकाळीच कडाक्याचं भांडलो होतो.

गेल्या महिन्यात आमची चाचणीपुरती उभारलेली गाडी संचालकांना दाखवली. खासगी ट्रॅक होता. महाबळेश्वरचं विचारणाऱ्या त्याच संचालकांना सरांनी चालवायला बसवलं. ते एकामागून एक फेऱ्या मारत राहिले आणि गाडी थकली नाही. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "अजून एक मारू?" त्यांनी सरांना विचारलं. मला वाटलं, जिंकलो.

आठवड्याने निर्णय आला. गाडी उत्तम आहे, पण मोठी बॅटरी, मोठा पल्ला आणि इंजिनाचा आवाज यांशिवाय ती विकली जाणार नाही. तशी करायची तरच प्रकल्प चालेल. सरांना, त्यांच्या वयाचा मान राखून, पंचाहत्तरीपासून 'मार्गदर्शक' करण्यात येईल. प्रमुखाची खुर्ची मला.

सर म्हणाले, "मार्गदर्शक म्हणजे ज्याने रस्ता दाखवायचा आणि गाडीत बसायचं नाही. ठीक आहे." मग अगदी हळू म्हणाले, "आपण खुर्ची घ्या. जड गाडी करायची तरी हलकी म्हणजे काय हे माहीत असलेलं माणूस हवं."

त्या दिवसापासून मला धड झोप नाही. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला मोकळं केलं, आणि मला मोकळं व्हायचं नव्हतं. संचालकांचं म्हणणं पूर्ण खोटं आहे असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कदाचित लोकांना खरोखरच बँड हवा असेल. कदाचित हलकी गाडी घेणारे आमच्यासारखे मूठभरच निघतील. पण ज्या वळणावर मी टायर ऐकले ते वळण मला आता विसरता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते कळूच नये अशी गाडी माझ्या हातून होणार नाही.

काल मी त्या संचालकांना भेटून खुर्ची नाकारली. कंपनीला मोठी गाडी करायची असेल तर तिने जरूर करावी. अर्धवट उभी असलेली हलकी गाडी मात्र भंगारात न घालता आम्हाला द्यावी, असं मी मागितलं आणि, आश्चर्य म्हणजे, ते हो म्हणाले. अजून एक फेरी मागणारा तो माणूस त्यांच्यात कुठेतरी शिल्लक असावा. वखारीची शेड आता आमच्या नावावर भाड्याने राहील. गाडीचं स्टिअरिंग आणि सस्पेन्शन सरांच्या डोक्यात आहे, बॅटरी माझ्या. सरांना मी यातलं काहीही विचारलेलं नाही. हा लेख छापून येईल तेव्हाच त्यांना कळेल आणि ते आदरार्थी बहुवचनात मला जे काही म्हणतील ते मी ऐकून घेईन.

सर, अशा लेखाच्या शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. आपले बाकीचे सगळे स्नेही ते मनापासून चिंततीलच. मला मात्र आज ते नुसतं चिंतून चालणार नाही. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, डॉक्टरांकडे जायचं टाळू नका, जिना सावकाश चढा. मी नोकरी सोडली आहे आणि गाडी अजून व्हायची आहे. सोमवारी शेडवर या.