खून उघडा ठेवून दिवा लावू नये

साखरखेर्ड्याच्या सत्यभामाबाईंनी आयुष्यात एकादशी चुकवली नाही आणि हाती आलेली गुप्तहेरकथा अर्धी सोडली नाही. हे दोन्ही एका पदरात कसं बांधलं, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "देव तरी काय करते? खरं-खोटंच निवडते नं? पुस्तकातला गुप्तहेरही तेच करते."

पण त्यांचा एक नियम होता. पुस्तकातला खून उघडा ठेवून घरात दिवा लावायचा नाही. मुडदा पडलेला आणि मारणारा मोकळा, अशा घरात लक्ष्मी पाय कशी ठेवील? म्हणून दिवेलागणीच्या आत खुनी सापडलाच पाहिजे. वेळ पुरला नाही तर मधली पानं टाकून त्या शेवट गाठत, गुन्हेगाराला बेड्या घालत, पुस्तक मिटत आणि हातपाय धुऊन तुळशीपुढं दिवा लावत.

या नियमाचा जाच व्हायचा तो त्यांच्या थोरल्या जावेला, शालूबाईंना. कारण वाचणाऱ्या सत्यभामाबाई आणि ऐकणाऱ्या शालूबाई. शालूबाईंना अक्षरओळख नव्हती.

पुस्तकं यायची रद्दीतून. शालूबाईंचे मालक कडूबा दुसरबीडच्या बाजारात मिरची-हळदीचं दुकान मांडायचे. पुड्या बांधायला किलोनं रद्दी आणायचे. त्या गठ्ठ्यात जुन्या रहस्यकथा निघत. कव्हरावर पिस्तूल, टोपीवाला माणूस, आणि तोंडावर हात ठेवलेली बाई. सत्यभामाबाई गठ्ठा आधी उपसून घेत. कडूबा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसत, म्हणून भिंतीकडं पाहून म्हणत, "घरातल्या माणसाइले सांगा, मी पुड्या काय हवेत बांधू?"

"सांगा त्याइले," सत्यभामाबाई जावेला म्हणत, "ज्यातला खुनी सापडला ते पुस्तक उद्या फाडा म्हणा."

मग दुपारी दोघी ओसरीवर तूर निवडायला बसत. शालूबाईंचे हात तुरीत आणि कान पुस्तकात.

"बाई, तो माळीच खुनी हाय पाहा."

"तुले पहिल्याच पानावर काऊन कळते गं भामा? मले ऐकू तर दे."

सारी आळी म्हणायची, सत्यभामाबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

दोघींचेही मालक गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तूर आता मशीनवरून निवडून येते. रद्दीत पुस्तकं येत नाहीत. आणि शालूबाईंचे कान गेले. मुलानं कानातलं मशीन आणून दिलं, पण त्यात शिट्या वाजतात म्हणून त्यांनी ते कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं. डोळे मात्र शाबूत. सुईत दोरा अजून त्याच ओवतात. दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं हलताना पाहतात.

यंदा सत्यभामाबाईंची सून प्रतीक्षा हिनं मोबाइलवर शोधून त्याच जुन्या कथांचा एक गठ्ठा मागवला. पार्सल फोडलं आणि तो टोपीवाला दिसला, तसा सत्यभामाबाईंना पहिला विचार आला तो जावेचा. दुपारी पुस्तक घेऊन त्या शेजारच्या दारात गेल्या आणि शालूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन वाचायला लागल्या. एवढ्या मोठ्यानं, की समोरची पुष्पांजली पीठ माखल्या हातानं बाहेर आली.

"काकू, कोणाचा खून झाला हो?"

"पुस्तकातला हाय. तू पोळ्या कर."

शालूबाई हसत होत्या. पानभर वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तोंड हालते तुह्यं, भामा. आवाज कुठी ठेवून आली?"

सत्यभामाबाई पुस्तक मिटून घरी आल्या.

पुढचे दिवस त्यांनी एकटीनंच वाचलं. खुनी कोण हे पाठ होतं, त्यामुळं घाई नव्हती. घाई नसली की बाकीचं दिसायला लागतं. माळ्याच्या चपलेचा चिखल तर अगदी पहिल्याच प्रसंगात होता, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. गोष्टीतल्या कुणाला दिसला नाही, कारण जो तो आपल्या गडबडीत. हे वाचता वाचता सत्यभामाबाईंचं बोट ओळीवर थांबलं आणि मन त्या जुन्या ओसरीवर गेलं.

ऐकायलाच बसायचं तर शालूबाई समोर बसल्या असत्या. त्या नेहमी खांद्याला खांदा लावून काऊन बसायच्या? पानात डोकावून?

एकदा त्यांनी विचारलं होतं, "यात खून कुठी लिहेल हाय गं?"

"हा काय, इथं. ऐका आता, दिवा लावाचा हाय."

आणि दुसऱ्या दिवशी पसरलेल्या तुरीत बाई बोटानं काहीतरी काढत होत्या. एक गाठ, एक रेघ, खाली शेपटी.

"काय करून राह्यल्या बाई? रांगोळी?"

"हाव, रांगोळीच," असं म्हणून शालूबाईंनी तळहातानं ती तूर सारखी केली होती.

ती रांगोळी नव्हती, 'खू' होता. साऱ्या पुस्तकांतले माळी, मुनीम आणि खोटे साधू ओळखणाऱ्या सत्यभामाबाईंना मांडीशेजारची ही एक गोष्ट ओळखता आली नव्हती. बाईला गोष्ट नको होती, अक्षर हवं होतं. मागायची लाज वाटली असेल. धाकट्या जावेपुढं थोरलीनं पाटी कशी धरायची? तेव्हा रोज दोन अक्षरं सांगितली असती, तर आज कान नसते तरी चाललं असतं. तेवढा वेळ होता. फक्त दिव्याची घाई होती.

सत्यभामाबाईंनी त्या दिवशी हरिपाठ म्हटला, पण शब्द तोंडातून नुसते पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्या पुन्हा पुस्तक घेऊन जावेकडं गेल्या. या वेळी काही न बोलता खांद्याला खांदा लावून बसल्या आणि पुस्तक दोघींच्या मांडीवर उघडलं. शालूबाईंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग पानाकडं. मग त्यांचं वाळलेलं बोट ओळींवरून सरकायला लागलं. खूप वेळ सरकलं. एका जागी थांबलं.

"हा," शालूबाई म्हणाल्या.

खून. बरोबर त्याच शब्दावर.

सत्यभामाबाईंनी मान डोलावली. लोक श्रीकारापासून सुरुवात करतात. या बाईच्या वाट्याला सबंध जन्मात एवढं एकच लिहिलेलं आलं, आणि तेही हे. त्यांनी बोट धरून पुढच्या शब्दावर नेलं. शालूबाईंनी हात हलकेच सोडवून घेतला.

"आता राहू दे भामा. आता डोक्यात बसत नाही. हा माह्या ओळखीचा हाय, यालेच पाह्यते."

आणि त्यांचं बोट पुन्हा पुढच्या ओळीवरून निघालं, दुसरा खून शोधत. सापडला की त्या जावेच्या तोंडाकडं पाहत, जाऊ मान डोलावी, की बोट पुढं.

अंधारून आलं. प्रतीक्षा दारातून म्हणाली, "आई, दिव्याची वेळ झाली. पुस्तक मिटा नं."

"तू लाव आज," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बाईचं पान व्हायचं हाय."

प्रतीक्षा थबकली. सासूचा नियम तिला ठाऊक होता. मग ती तुळशीकडं गेली. काडी ओढल्याचा आवाज आला. पानावर मारेकरी अजून मोकळा होता, आणि शालूबाई बोटानं हळूहळू चालल्या होत्या.