न पावलेल्या नवसाचं टोपलं

टोपलं खाली ठेवायचं नाही म्हणजे नाही. गोव्याच्या सहलीची बस अमरावतीहून निघाली, तिच्यात माझ्या सासूबाई बसून आल्या होत्या. मी अकोल्याला चढले आणि चढल्या चढल्याच बसचा क्लीनर माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "मॅडम, तुमच्या आईले सांगा न, टोपलं डिक्कीत ठेवाले. लोकाइले जाले जागा नाई." मी पाहिलं. खिडकीजवळ सासूबाई, मांडीवर बांबूचं टोपलं, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं, आणि फडक्यावर दोन्ही हात. मी म्हटलं, "तूच सांगून पाह्य." तो पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला.

टोपल्यात संत्री होती. वरूडला सासूबाईंची बाग आहे. त्यांच्या गावात एक छोटं चर्च आहे, पत्र्याच्या छपराचं, आणि गोव्यात ज्या संताचं शरीर ठेवलेलं आहे त्याच संताच्या नावाचं. आंबिया बहाराची पहिली तोड झाली की पहिलं टोपलं त्या चर्चच्या वेदीपुढे जातं. फादर आशीर्वाद देतात, मग बाहेर येऊन एक संत्रं सोलायचं आणि पहिली फोड बागेच्या धन्याने खायची. धन्याने खाल्ल्याशिवाय पोरंसुद्धा टोपल्याला हात लावत नाहीत. सासरे गेल्यापासून ती फोड माझा नवरा खायचा. तो अकोल्यात माझ्यासारखाच शिक्षक, पण शनिवारची शाळा सुटली की बागेत.

उन्हाळ्यात तो आजारी पडला. सासूबाई अकोल्याच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिल्या आणि तिथेच, माझ्यासमोर, त्यांनी नवस केला. मोठ्याने केला. त्यांना मनातल्या मनात काही बोलताच येत नाही. "माह्या पोराले उठव. यंदाचं पयलं टोपलं गावातल्या चर्चात नाई, तुह्या घरी गोव्याले आणून देईन. अनवानी येईन."

पोळा झाला आणि तो गेला.

मी बौद्ध घरातली. वडील सरकारी नोकरीत, घरात बुद्धाचा एक फोटो आणि पुस्तकं. नवस हा शब्द आमच्याकडे कोणी तोंडातून काढला असता तर वडिलांनी ताटावरून उठवलं असतं. मी गणित शिकवते. चर्चमध्ये नवऱ्याबरोबर जायचे ते त्याला बरं वाटायचं म्हणून. तेव्हा संतावर मी रागावले असं म्हणता येत नाही, कारण तो असा कोणी ऐकणारा आहे हेच मला मान्य नव्हतं. माझा राग भेटायला येणाऱ्यांवर होता. देवाची मर्जी, देवाला आवडला, देवानेच नेला. एका बाईंना मी तोंडावर म्हटलं, "मग तुमचा का नाही आवडला त्याला?" त्या पुन्हा आल्या नाहीत. बरं झालं.

कार्तिक सरता सरता संत्री पिवळी झाली आणि सासूबाईंचा फोन आला. सहलवाल्याचं नाव-पत्ता सगळं त्यांनी काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "आई, नवस पावला असता तर फेडायचा असतो न? पावलाच नाही तर काय फेडता?"

"त्यानं त्याचं नाई केलं," त्या म्हणाल्या. "म्हून म्या माहं सोडू काय? आन मले त्याच्यासंग बोलाचं हाये. तोंडावर. तू येत असशीन त ये, नाई त मी एकटी चालली."

एकटी कशी सोडणार? आणि खरं सांगू? मला ऐकायचं होतं. मी अकोल्याच्या जठारपेठेतून त्यांच्यासाठी मऊ तळाच्या चपला घेतल्या. बसमध्ये दिल्या तेव्हा त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, छान आहेत म्हणाल्या आणि आपल्या पिशवीत घातल्या.

बसमध्ये ख्रिस्ती अशा आम्ही दोघीच, म्हणजे खरं तर एकच. बाकी सगळी वऱ्हाडातली, काही वरूडचीही, शेतकरी, दुकानदार, भाजी-फुलांची माणसं. त्यांना समुद्र पाहायचा होता. सहलीच्या पत्रकात "जुन्या गोव्यातील ख्रिस्ती तीर्थस्थळे" असं अर्ध्या दिवसाचं एक कलम होतं, त्यावर बहुतेकांनी पाणीच सोडलं होतं. आमच्या पुढच्या सीटवर अमरावतीत फुलांचा धंदा करणारी एक बाई होती. तिने सासूबाईंना विचारलं, "आजी, कोनासाठी वो संत्री?" सासूबाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. फुलवाल्या बाईने ऐकलं आणि टोपल्यावरचं फडकं सुकलं होतं ते आपल्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून दिलं. फुलं टिकवायची तिला सवय.

जुन्या गोव्यात एक गाइड बसमध्ये चढला. चाळिशीचा माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात मायक्रोफोन. मराठी स्वच्छ, पुस्तकासारखी. "वऱ्हाडातली मंडळी ना? मग जरा हळू बोला, इथे शांतता पाळतात," अशी त्याने सुरुवात केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना भांडण वाया घालवायचं नव्हतं.

माणूस माहितीचा पक्का होता, ते कबूल करते. एकेकाळी हे केवढं मोठं शहर होतं, साथी आल्या, लोक गाव सोडून गेले, घरं पडली आणि चर्चं तेवढी उरली, हे त्याने चांगलं सांगितलं. आम्ही एका मोठ्या चर्चसमोर उतरलो, आत सोन्याचा मुलामा दिलेली वेदी पाहिली. टेकडीवरचा एक पडका मनोरा पाहिला. जांभ्या दगडाचा, अर्धा उभा, अर्धा गेलेला. सासूबाई अनवाणी चालत होत्या, ऊन चढत होतं. प्रत्येक ठिकाणी त्या गाइडला एकच विचारत. "तो अथीच हाये काय?" गाइड म्हणे, "नाही आजी, शेवटी." तो त्यांना शेवटच्या ठिकाणी नेणार होता आणि तिथून थेट बीचवर.

त्या शेवटच्या चर्चच्या दारात आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू जाणोत. कोणी काही बोललं नाही, सांगितलं नाही. सगळ्यांनी चपला-बूट काढले आणि भिंतीला लावून ओळीने ठेवले. आधीची ठिकाणं त्यांच्या लेखी पाहायची होती. इथे आत कोणीतरी आहे हे गाइडने बसमध्येच सांगितलं होतं, मग चपला घालून कसं जाणार? बायकांनी डोक्यावर पदर घेतले. गाइड धावत आला. "अहो, चपला घाला! इथे काढत नाहीत." एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "राहू द्या न बावा. आमाले नाई जमत." तेवढ्यात मागून दुसऱ्या कुठल्या तरी सहलीची माणसं आली, त्यांनी ती ओळ पाहिली आणि त्यांनीही मुकाट्याने बूट काढायला सुरुवात केली. मग त्यांच्या मागच्यांनी काढले. बघता बघता दारात चपलांचा बाजार भरला. गाइडने कपाळाला हात लावला.

दारावरच्या रखवालदाराने टोपल्याकडे बोट दाखवलं. खाण्याची वस्तू आत न्यायची नाही. तो नीट बोलला, त्याचा नियम होता. "नवसाचं हाये," सासूबाई म्हणाल्या. पण गाइडला कोणाचा तरी राग काढायचाच होता. तो सासूबाईंना म्हणाला, "आजी, हे देऊळ नाहीये तुमच्याकडचं, नैवेद्य दाखवायला. टोपली बसमध्ये ठेवा. तुमचा नवस देवाने ऐकला ना? झालं तर. हात जोडा आणि चला."

मी शाळेत वर्ग गप्प करते त्या आवाजात बोलले. "नाही ऐकला. हिचा मुलगा गेला. माझा नवरा होता तो. ज्याने ऐकलं नाही त्याच्या दारात ही बाई वरूडहून टोपलं मांडीवर घेऊन आली आहे, अनवाणी. आणि तुम्ही तिला तिचाच धर्म शिकवता? आमच्या गावी हा संत पत्र्याखाली राहतो आणि दरवर्षी संत्री खातो. तुमच्यापेक्षा आमची त्याची जास्त ओळख आहे."

रखवालदार खाली बघायला लागला. मला तेव्हा कळलं की टोपलं आत गेलं पाहिजे हे आता सासूबाईंइतकंच मलाही पाहिजे होतं. त्या आत जाऊन रिकाम्या हाताने काय बोलणार? आणलेलं समोर ठेवल्याशिवाय त्यांच्या बोलण्यात जोरच नव्हता.

फुलवाली बाई पुढे आली. तिने फडकं बाजूला केलं, एक संत्रं उचललं आणि कमरेला पदरात खोचलं. मग माझ्याकडे न पाहता आत निघून गेली. तिच्या मागून तिच्या नवऱ्याने एक घेतलं, धोतराच्या ओच्यात टाकलं. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी टोपी काढली, संत्रं डोक्यावर ठेवलं आणि वरून टोपी चढवली. तसे ते फार वेळ चालू शकले नसते, पण दार गाठेपर्यंत पुरलं. पर्समध्ये, खिशात, मुठीत, एकेक करत टोपलं रिकामं झालं. रखवालदाराने सगळं पाहिलं. मग त्याने दुसरीकडच्या एका माणसाला फोटो काढू नका म्हणून सांगायला सुरुवात केली, बराच वेळ सांगत राहिला. गाइड म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. मी इथे चपला सांभाळतो." आणि खरोखर तिथेच उभा राहिला, रिकामं टोपलं हातात धरून.

आत गार होतं. रांग सरकत सरकत एका बाजूच्या वेदीशी गेली. संताची चांदीची पेटी खूप वर ठेवलेली, माणसांनी माना मागे टाकून पाहावी इतकी वर. सासूबाई थांबल्या. "एवढ्या वर काहून ठेवला?" त्यांनी मला विचारलं. "आयकू येते काय त्याले?"

"मोठ्याने बोला," मी म्हटलं. मी. जिच्या लेखी वर कोणीच ऐकत नव्हतं.

त्या गुडघे टेकून बसल्या आणि पदर फरशीवर पसरला. आमची माणसं एकेक करून आली. फुलवाल्या बाईने आपलं संत्रं ठेवलं, हात जोडले. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी हातातल्या टोपीतून आपलं काढून ठेवलं. पदरात संत्र्यांची रास झाली, वास सुटला, आणि रांगेतली परकी माणसं थांबून बघायला लागली. सासूबाईंनी मान वर केली. गावात बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात त्या आवाजात त्या बोलल्या.

"पाह्यलं का? आली मी. तू माहं पोरगं नाई देलं. म्या मातर तुही संत्री आनली. माहा शब्द म्या पाळला. आता तू काय करतं, ते तू पाह्य."

बस्स, एवढंच. त्या काही मागत नव्हत्या, माफ करत नव्हत्या. त्या वर बघत राहिल्या, डोळ्यात डोळा घालून बघावं तशा, आणि मीही वर पाहिलं. मला वाटलं, असशील तर आता मान खाली घाल. मी रडले. तिथे, सगळ्यांसमोर, पोळ्यापासून पहिल्यांदा. पेटी तशीच होती.

मग सासूबाईंनी पदराची टोकं गोळा केली, मी त्यांना हात देऊन उठवलं आणि आम्ही बाहेर आलो. गाइडने टोपलं पुढे केलं, त्यात संत्री ओतली. चपला शोधायची धांदल चालू होती, दुसऱ्या सहलीच्या कोणाचा तरी एक बूट सापडत नव्हता.

सासूबाई पायरीवर बसल्या. त्यांनी एक संत्रं घेतलं, अंगठा खुपसून सोललं, साल एका लांब पट्टीत काढली आणि पहिली फोड वेगळी केली. आमची सगळी माणसं भोवती उभी होती. वरूडची होती त्यांना माहीत होतं ही फोड कोणाची असते, आणि कोणी हात पुढे केला नाही. मी मनात म्हटलं, आता ही फोड त्या जमिनीवर ठेवतील, त्याच्या नावाने.

त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"आई, मी काय..." मी म्हटलं. "लोक काय म्हणतील? विधवेने..."

"लोकाइले म्हनू दे," त्या म्हणाल्या. "आता अंदर त्याले भेली नाई, लोकाइले भेऊ काय? धनी गेला म्हून बाग सुकली काय? खाय."

मी खाल्ली. पहिल्या तोडीचं संत्रं आंबटच निघतं, हेही आंबट होतं. मग सासूबाईंनी पिशवीतून जठारपेठेच्या चपला काढल्या, पायात घातल्या आणि टोपलं फुलवाल्या बाईकडे सरकवलं. "वाट आता सगळ्याइले," त्या म्हणाल्या. "त्या मायकवाल्यालेबी दे."