दुसऱ्या खंडाची वाट

अमेरिका स्वतंत्र झाली, ही बातमी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. तसं त्या देशाच्या जन्माआधीचं त्यांच्याइतकं जाणणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये शोधून सापडला नसता. मॅसॅच्युसेट्सच्या गावसभेत कशावरून भांडणं जुंपत, कागदावर मुद्रांक लावायची सक्ती झाली तेव्हा छापखानेवाले का खवळले, हे ते नाशिकच्या आपल्या गल्लीतली भानगड सांगावी तसं सांगत. पण चहाच्या पेट्या समुद्रात बुडाल्या आणि त्यानंतरचा हिवाळा आला, की काका चष्मा काढून पुसू लागत आणि म्हणत, "पुढचं मला माहीत नाही." पेशाने ते मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. अंदाजपंचे बोलणं त्यांना पटत नसे, असं आम्ही आपलं समजून घेतलं.

आम्ही हवल्लीच्या त्या इमारतीत आलो ते त्र्याण्णव साली. माझा नवरा काकांच्याच रिफायनरीत, मी सरकारी इस्पितळातल्या लॅबमध्ये. पहिल्याच भेटीत काकूंनी चहा आणला आणि काकांनी त्या चहावरचा कर समजावून सांगितला. माझा कप तसाच गार झाला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी त्यांचं व्याख्यान असे आणि दरवर्षी ते पहिल्या वसाहतीपासून सुरुवात करत, कारण "मधूनच सुरू केलं तर नव्या लोकांना कळणार कसं?" व्याख्यानाची वेळ संपायची तेव्हा चहाचं जहाज भर समुद्रात असायचं आणि मागे पुऱ्या तळायला घेतलेल्या असायच्या. "काका, यंदा तरी बंदराला लागू द्या," असं कार्यवाह हात जोडून सांगत. काका मान डोलवत आणि पुन्हा पहिल्या वसाहतीच्या लाकूडतोडीपासून आरंभ करत.

वसाहती करामुळे बिथरल्या नाहीत, विनंतीअर्जांना उत्तर मिळेना म्हणून बिथरल्या, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठी ते पुरावे गोळा करत, इकडून तिकडून छायाप्रती मागवत, रात्रपाळी करून आल्यावरही वाचत बसत. हा सिद्धांत त्यांनी एकदा आमच्यावर चालवूनही पाहिला. ऐन जूनमध्ये इमारतीचा एसी बंद पडला. आम्ही हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, गाठायला निघालो, तर काकांनी जिन्यातच गावसभा भरवली. आधी नम्र अर्ज, मग दुसरा नम्र अर्ज, मग बहिष्कार, असा रीतसर क्रम त्यांनी ठरवून दिला. घामाने निथळत आम्ही "आपले अत्यंत आज्ञाधारक व विनीत रहिवासी" म्हणून सह्या केल्या. कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाने, त्याचं अरबी करून दिलं. दुसऱ्या दिवशी घरमालक स्वतः खजुराचा खोका घेऊन आले. इतक्या अदबीने त्यांना आयुष्यात कुणी लिहिलं नव्हतं म्हणे. संध्याकाळी एसी सुरू झाला. सगळे खूश, काका तेवढे पडेल चेहऱ्याने पायरीवर बसलेले. "पहिल्याच अर्जाला उत्तर आलं," ते म्हणाले, "इतकं सोपं असतं, बघ. तरी लोक देत नाहीत." मला वाटलं होतं, बहिष्कार हुकला म्हणून ते नाराज आहेत. तसं नव्हतं.

खरं काय ते काकूंनी मला एका दुपारी मेथी निवडता निवडता सांगितलं. नव्वदच्या आधी त्यांच्या समोरच्या घरात एक पॅलेस्टिनी मास्तर राहत. शाळेत इतिहास शिकवत. काका त्यांना उस्ताद म्हणत. या वेडाची लागण त्यांच्याकडूनच झाली होती. मास्तरांकडे अमेरिकेच्या इतिहासाचे दोन जाड खंड होते. नव्वदच्या जुलैमध्ये काका-काकू वार्षिक सुट्टीला नाशिकला निघाले तेव्हा काकांनी दोन्ही मागितले. मास्तरांनी पहिलाच हातात ठेवला. "हा संपव. परत आलास की दुसरा. मग सांगतो तुझं कुठे चुकलं ते." ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि सुट्टीला गेलेली माणसं तिकडेच अडकली. ब्याण्णवमध्ये काका परतले तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं. इराकची बाजू घेतल्याच्या संशयावरून युद्धानंतर पॅलेस्टिनी लोकांना इथे राहणं अशक्य झालं होतं. कुणी म्हणालं, मास्तर अम्मानला गेले. कुणाला काहीच माहीत नव्हतं. काकांनी चौकशीचे अर्जावर अर्ज केले, एकालाही उत्तर आलं नाही. काका कितीतरी दिवस येता-जाता त्या कुलपाला हात लावून बघत, मग तिथे दुसरं बिऱ्हाड आलं.

त्यानंतर काकांनी पुढचं वाचलंच नाही. त्यांची मुलगी शिकायला अमेरिकेत गेली आणि पहिल्या पगारातून तिने दुसरा खंड विकत घेऊन पाठवला. काकांनी वरचा कागदसुद्धा काढला नाही. सुट्टीवर आलेल्या लेकीने विचारलं, "बाबा, एव्हरीबडी नोज हाऊ इट एंड्स. व्हाय डोन्ट यू जस्ट रीड इट?"

"सगळ्यांना माहीत असेल," काका म्हणाले. "मला उस्तादांकडून कळायचंय."

दोन हजार पाचच्या सुमारास ते निवृत्त झाले. सामान बांधायला मी वर गेले तेव्हा काकांनी तो न उघडलेला खंड माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "काका, आता तरी वाचा. घरी निवांत असाल."

ते खुर्चीवर टेकले. "अगं, पहिल्या खंडात राजाची बाजू घेणारे काही लोक आहेत. शिंपी, मास्तर, एक डॉक्टर. गावात कुजबुज सुरू झालीये, त्यांच्या दुकानात कुणी जात नाही. पण अजून ते आपापल्या घरात आहेत. संध्याकाळी दिवा लावतात." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मी पान उलटलं की त्यांना निघावं लागेल. असं मला वाटतं. नक्की माहीत नाही." पहिला खंड त्यांनी कपड्यांच्या घडीत, स्वतःच्या बॅगेत ठेवला. "तो परत द्यायचाय," म्हणाले. "कुणी विचारत आलं, तर माझा नाशिकचा पत्ता दे."

ते नाशिकला गेल्यावर मी कागद काढून तो खंड वाचला. काकांचा अंदाज बरोबर होता. ती माणसं मिळेल त्या जहाजाने गेली, त्यांच्या घरांत दुसरी बिऱ्हाडं आली, आणि मागे राहिलेल्यांनी त्यांची फारशी चौकशी केली नाही. सगळं तीन-चार पानांत आटोपलंय. हे मी काकांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. फार प्रेम आहे माझं त्या माणसावर.

दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. काकूंचे गुडघे, नाशिकची थंडी, लेकीचं बाळ, सगळं बोलून होतं. मग जरा घसा खाकरून ते विचारतात, "आलं होतं का गं कुणी?"

"नाही काका, अजून नाही."

"बरं, बरं," ते म्हणतात, आणि फोन काकूंकडे देतात.