जिन्यातला माठ

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका सिंधी काकांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गिऱ्हाईक असो की पोस्टमन, आधी भाजलेला पापड आणि पाणी हातात यायचं. "साईं, पहिला पाणी, मग बात," म्हणताना त्यांची मान डावीकडे कलायची. सिंधी माणसाकडून कुणी पाण्याशिवाय जात नाही, हे मला उल्हासनगरनेच शिकवलं होतं.

एकदा दुकान बंद दिसलं, म्हणून आईच्या मशीनचं बॉबिन केस आणायला भर दुपारी तीन जिने चढून त्यांच्या घरी गेलो. दार काकांनीच उघडलं. कॉटवर त्यांचे वडील बसले होते, पाय सुजलेले. पाणी कुणीच विचारलं नाही. घसा सुकला होता, तेव्हा मीच पिशवीतली बाटली काढून तोंडाला लावली.

काकांनी ती माझ्या ओठांवरून हिसकावली. पाणी शर्टावर सांडलं. मी हबकलो.

"बाहेर चला," एवढंच म्हणाले.

जिन्यात माठ होता, शेजारी पापडाचा डबा. "बाबाची किडनी गेली, साईं. दिवसाला अर्धा लिटर पाणी, चहा धरून. मीठ बंद. पापडाचा वास आला तरी मागतो."

मग आठवलं, मी पीत असताना म्हातारा माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होता.

त्यांनी मला पापड दिला, तांब्या भरून दिला. नंतर स्वतः घटाघटा दोन तांबे प्यायले, रुमालाने मिशी कोरडी केली, दोनदा, आणि मगच आत गेले.